माणसाची पोचपावती

माणूस ताब्यात मिळाल्याची पावती कशी लिहायची, याचा नमुना आमच्या कचेरीत नव्हता. जप्त भांड्यांचा होता, बंदुकीचा होता, सरकारी कामाला नेलेल्या बैलाचाही होता. मी बैलाचा नमुना घेतला, त्यातली रंग, शिंगं आणि खोडी ही कलमं गाळली आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवलं. या नमुन्याचे दोन अर्धे होते. वरचा नेताना भरायचा, खालचा परत करताना. माणसाच्या बाबतीत खालचा अर्धा कधी लागेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण मी तो नक्कल करताना गाळला नाही. आळस म्हणा. साहेबांनी माझ्या हुशारीचं कौतुक केलं आणि मला चार दिवस त्याचा अभिमान वाटला.

वडगावच्या मॅजिस्ट्रेट कचेरीत मी तेव्हा कारकून होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून अवकाश होता. आमचा तालुका इंग्रजांच्या खालसा मुलखात, आणि लोहगडापलीकडे पवनेच्या खोऱ्यातली काही गावं एका संस्थानात. मधे हद्दीचा दगड. गुन्हा करून माणूस त्या दगडापलीकडे गेला की आमच्या पोलिसांनी दगडाला हात लावायचा आणि परत फिरायचं. मग सुरू व्हायचे कागदी घोडे. आमच्या साहेबांचं पत्र कलेक्टरकडे, तिथून पोलिटिकल एजंटाकडे, तिथून दरबारात, दरबारातून संस्थानच्या फौजदाराकडे. खिंडीतून चालत गेलं तर अर्ध्या दिवसाची वाट. कागदाला ती दीड-दोन महिने पुरायची.

चुकलेली गुरं, साक्षीदार, समन्स असल्या किरकोळ कामांसाठी मात्र दोन कचेऱ्यांना परभारे लिहायची मुभा होती. तिकडून उत्तरं यायची ती एकाच हातची. मोडी अक्षर, मोत्यासारखं, ओळ कुठं वर जात नाही की खाली येत नाही. त्या कारकुनाला मी कधी पाहिलं नव्हतं. पण सही-शिक्क्याखाली कोपऱ्यात तो एक ओळ लिहायचा, 'इकडे पाऊस बरा. आपणाकडे?' किंवा 'इकडे थंडी फार.' मीही माझ्या उत्तराखाली कोपऱ्यात लिहायचो. चार-पाच वर्षं हे चाललं होतं.

हसू नका. माझं दुसरं कुणी नव्हतं. लग्न झालं होतं, बायको दुसऱ्या वर्षी तापानं गेली. बाजारामागे एक खोली, एक चूल, एक माणूस. कचेरीतले बाकीचे कारकून एकमेकांच्या घरी जेवायला जायचे. मला कुणी बोलावलं नाही, मीही कुणाला बोलावलं नाही. मी मुसलमान हे एक कारण, आणि दुसरं कारण माझा स्वभाव, तो कुठल्याच जातीचा बरा नव्हता. संध्याकाळी खोलीवर आलो की मी डाकेतला तो कोपरा आठवायचो. एका माणसानं मला विचारलंय, पाऊस कसा आहे. एवढं पुरायचं.

तर त्या वर्षी लोणावळ्याच्या एका बंगल्यात मुंबईच्या सेठची म्हातारी आई गळा दाबून मारलेली सापडली. दागिने गेले. मुंबईची वर्तमानपत्रं पेटून उठली. रोज नवी बातमी आणि रोज नवी शिवी, पोलिसांना. संशय होता आधी काढून टाकलेल्या रखवालदारावर. तो पवनेच्या खोऱ्यातला, म्हणजे संस्थानी रयत. नाव असं की दर वाडीत त्या नावाचे दोघे सापडावेत. फोटो नाही, बोटांचे ठसे नाहीत. संस्थानानं कळवलं, हुलिया धाडा, म्हणजे अंगावरच्या खुणांसकट माणसाचं वर्णन. नाहीतर आम्ही धरू कुणाला?

बंगल्याच्या माळ्याची जबानी मीच लिहून घेतली. उंची मध्यम, रंग सावळा. असली माणसं मोजायला बसलो तर जन्म जाईल. मी म्हटलं, "खूण सांग, खूण." माळी डोकं खाजवत म्हणाला, "हिरीवर आंगूळ करायचा तवा दिसलंय. बेंबीखाली तीन डाग हाईत. चुलीचे धोंडे मांडावेत तसे."

माझा टाक थांबला. कारण ते तीन डाग मलाही होते.

मी मावळातलाच. आईचं माहेर लोहगडवाडीचं, आमचं घर कार्ल्याजवळ. मी तान्हा असताना दिवस-रात्र रडायचो, पोट धरायचो. आईनं मला खिंडीपलीकडच्या एका म्हातारीकडे नेलं. म्हातारीनं बिब्बा दिव्यावर धरला आणि बेंबीखाली तीनदा टेकवला. आई नेहमी सांगायची, "तू जगावास म्हनून तुझ्यापुरतंच क्येलं तिनं. दुसऱ्या कुनाला न्हाई." आईचा शब्द. आठव्या वर्षी मामानं मला पुण्याला नेलं ते मी नोकरी लागेपर्यंत मावळात परतलो नाही. दुसऱ्या कुणाचं पोट मी बघणार कुठं? पुण्यात तर ते डाग मी लपवायलाच शिकलो. शाळेतली पोरं एकदा नदीवर म्हणाली, 'डागलेलं वासरू', त्यानंतर मी चारचौघांत कधी उघड्यानं अंघोळ केली नाही.

म्हणजे मला खरंच वाटलं, जगात दोनच माणसांना ही खूण आहे. एक मी आणि एक तो खुनी. हुलियात मी ती ओळ ठळक लिहिली, खाली रेघ ओढली. 'विशेष खूण.' साहेब म्हणाले, असा हुलिया मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

माणूस सापडला. सापडणारच होता.

ताबा घ्यायला फौजदार आणि दोन शिपायांबरोबर मलाही पाठवलं, कागद तपासायला. मळवलीला गाडीतून उतरून भाजे गावावरून लोहगडवाडीला चढलो आणि खिंड ओलांडून हद्दीच्या दगडाशी उभे राहिलो. आवणीचे, भातलावणीचे दिवस. खाली खाचरांत माणसं वाकलेली, पाऊस बारीक. पलीकडे संस्थानचा फौजदार, तीन शिपाई, बेडीतला एक माणूस, आणि छत्री धरून एक म्हातारा, अंगात काळा कोट, डोक्याला पागोटं. त्यानं कागद पुढे केला. अक्षर बघितलं आणि मी त्याच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघून किंचित हसला. "इकडे पाऊस बरा," म्हणाला. मला इतका आनंद झाला की क्षणभर बेडीतला माणूस मी विसरलोच. आजही त्याची लाज वाटते.

हुलिया मी मोठ्यानं वाचला. बेडीतल्या माणसाचा सदरा शिपायानं वर केला. तीन डाग, चुलीच्या धोंड्यांसारखे.

तो माणूस तिशीतला असेल. घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता. म्हणाला, "आवो, हे समद्यांनाच हाईत. आमच्या खोऱ्यात म्हातारी प्वारांना डागती. माझ्या चुलत्याला हाईत, पाटलाच्या पोराला हाईत. ह्या शिपायाचं पोट बगा की." शिपाई दुसरीकडे बघायला लागला. आमचा फौजदार म्हणाला, "चोर असंच बोलतो." त्या माणसानं संस्थानच्या कारकुनाकडे तोंड केलं, "आबा, तुमी तरी सांगा." म्हाताऱ्यानं कागदाची घडी घातली. "आमचं काम कागदापुरतं," एवढंच म्हणाला.

मला त्याच क्षणी कळलं. आईनं मला खोटं सांगितलं होतं; माया म्हणून सांगितलं, पण खोटं. ज्या खुणेखाली मी रेघ ओढली होती, ती या अख्ख्या खोऱ्याच्या पोटावर होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, ती सुळी माझ्याच हातून रोवली गेली होती. आणि मी काय केलं? पावतीचा वरचा अर्धा भरला, सही केली आणि पुढे केला.

का गप्प बसलो, हे लोक विचारत नाहीत, पण मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. साहेबांनी पाठ थोपटलेला हुलिया रद्दी आहे हे त्यांना कोण सांगणार? पण खरं कारण त्याहून हलकं होतं. बोलायचं तर सदरा वर करावा लागला असता. मी पुण्याचा, मी इंग्रजी जाणणारा, मी कोट-टोपीवाला, आणि पोटावर डागलेल्या वासराची खूण. एका माणसाचा जीव एका पारड्यात आणि माझा सदरा दुसऱ्यात, आणि सदरा जड झाला.

त्याला वडगावच्या कोठडीत ठेवलं. कोठडी कचेरीच्या आवारातच, माझ्या जायच्या वाटेवर. रोज सकाळी तो गजाआडून म्हणायचा, "रामराम, भाऊसायेब." मी मान हलवायचो. तिसऱ्या दिवशी त्यानं मला थांबवलं.

"येक काम करा. आईला निरोप धाडा. पाटलाकडं जाऊन येतो म्हनून निघालतो, तवाच धरलं. तिला ऐकू येत न्हाई, दिसाया बी कमी. हाताला धरून सांगावं लागतं. माझ्याबिगर ती कुनाच्या हातचं खात न्हाई. कुनी जाऊन तिच्या हातावं नुसतं माझं कडं ठिवलं तरी तिला कळंल मी हाय म्हनून."

त्यानं मनगटातलं पितळी कडं काढून गजातून पुढे केलं. मी ते घेतलं. खोलीवर जाऊन लिहायला बसलो, त्या म्हाताऱ्या कारकुनालाच. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मनाशी म्हटलं, सरकारी लिफाफ्यात खाजगी निरोप घालायचा नसतो. नियमच आहे. आणि निरोप धाडला तर मला त्याची काळजी आहे हे दिसणार, काळजी का आहे हे कुणीतरी विचारणार. कडं उशीखाली ठेवलं.

पंधराएक दिवसांनी संस्थानाकडून एका चुकलेल्या म्हशीबद्दल पत्र आलं. खाली कोपऱ्यात, नेहमीच्याच अक्षरात, 'इकडे पाऊस बरा. आपणाकडे?' मी म्हशीचं उत्तर लिहिलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'इकडेही बरा.' पावसाबद्दल लिहायला जागा होती, एका म्हातारीबद्दल लिहायला नव्हती. ती ओळ आमच्यातली शेवटची.

कोठडीतला माणूस रोज विचारायचा, "निरोप पोचला का, भाऊसायेब?" मी म्हणायचो, "कागद गेलेत." हे खोटं नव्हतं. कागद रोजच जात होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी साहेबांपुढे खटल्याची चौकशी उभी राहिली. कोर्ट गच्च भरलेलं, मुंबईचे दोन बातमीदार पहिल्या बाकावर. माळ्याला पुढे बोलावलं, माणसाचा सदरा वर केला. माळी वाकून बघून म्हणाला, "हेच डाग. तवा दाढी हुती, तोंडाचं सांगता येत न्हाई, पर डाग हेच." साहेबांनी माझा हुलिया हातात घेऊन वाचून दाखवला, रेघ ओढलेल्या ओळीवर बोट ठेवलं. आरोपी माळ्याकडे बघत नव्हता, साहेबांकडे बघत नव्हता. तो फक्त माझ्याकडे बघत होता, रोज गजाआडून बघायचा तसा, रागानं नाही. निरोपाचं विचारल्यासारखा.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, हे डाग मलाही आहेत." आणि कोट काढून सदरा वर केला.

सगळं कोर्ट हसलं. बातमीदार हसले, आमचे कारकून तर तोंडावर धोतराचा सोगा धरून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टेवाल्याला विचारलं, "तुला?" पट्टेवाला खोऱ्यातलाच. त्यानं लाजत सदरा वर केला. मग दारातल्या शिपायाला. मग बाहेर समन्सवर आलेल्या दोन शेतकऱ्यांना आत बोलावलं. एकाला दोन डाग होते, एकाला तीन. साहेबांनी हात वर करून थांबवलं, नाहीतर अर्ध्या तालुक्यानं पोटं उघडी केली असती. कागद बाजूला ठेवून ते मला म्हणाले, "हे आज सुचलं?"

त्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते उत्तर मी त्यांना देणं लागत नव्हतो.

माणूस सुटला. माझ्या नोकरीच्या कागदावर काळी ओळ पडली, कचेरीत मला 'चूल' म्हणायला लागले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, याचंच मला फार नवल वाटलं. इतकी वर्षं ज्याला जपलं ते गेल्यावर काहीच दुखलं नाही. सेठच्या आईचा खरा मारेकरी कधी सापडला नाही. वर्तमानपत्रांना दुसरा खून मिळाला.

संस्थानानं कळवलं, रयत आमची आहे, हद्दीवर रीतसर परत करावी. तेव्हा पावतीचा खालचा अर्धा लागला. मी तो आदल्या संध्याकाळी भरून ठेवला. पुन्हा मळवली, पुन्हा लोहगडवाडी, पुन्हा खिंड. या वेळी बेडी नव्हती, एकच शिपाई होता. कडं मी मळवलीतच त्याला परत दिलं. त्यानं कड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते मनगटात घातलं. निरोप पोचला नव्हता हे त्याला तिथंच कळलं असणार. तो वळला आणि खिंडीच्या वाटेला लागला.

दगडाशी तो म्हातारा कारकून एकटाच उभा होता, छत्री मिटलेली. ऊन पडलं होतं. त्यानं पुढे येऊन त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुझी आई गेली, बाबा."

"कवा?"

"तुला नेल्यापासून अकराव्या दिवशी. वाटेवर येऊन बसायची. लोक उठवून घरी न्यायचे, पुन्हा येऊन बसायची. पावसात भिजली, ताप भरला. कुणाच्या हातचं खाल्लं नाही."

तो हद्दीच्या दगडावरच बसला. एक पाय खालसात, एक संस्थानात. मग त्यानं माझ्याकडे मान वर केली.

"भाऊसायेब, तुमास्नी डाग हाईत हे तुमी कोर्टात सांगितलं. पर हितं, ह्या दगडापाशी मी बोललो, तवाच तुमाला उमगलं हुतं का?"

"होय," मी म्हणालो.

त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. "आन आबा, तुमास्नी?"

म्हाताऱ्यानं काळ्या कोटावरून स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "मला हुलिया वाचला तेव्हाच," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांच्याकडून आलंय, साहेबाची सही आहे. त्यांना ठाऊक असेल."

मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्यानंही माझ्याकडे बघितलं नाही. म्हशीच्या पत्राखाली त्यानं पावसाचं विचारलं तेव्हा ती म्हातारी गेली होती आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि मी 'इकडेही बरा' लिहिलं तेव्हा तिच्या लेकाचं कडं माझ्या उशीखाली होतं. जगात मला विचारणारं एक माणूस होतं, ते असं निघालं. आणि त्याला मी असा निघालो.

काम संपवायचं होतं. मी पावती काढली. म्हाताऱ्यानं सही केली, त्या माणसाच्या अंगठ्याची जागा उरली. मी शाई पुढे केली.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

मी वाचलं. नाव, गाव, तारीख, आणि बैलाच्या नमुन्यातली शेवटची ओळ : 'जसा नेला तसा परत मिळाला.'

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला, आणि खाचरांच्या बांधावरून खाली निघून गेला.

टाक माझ्या हातात होता. दौत उघडी होती. ती ओळ खोडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती, नमुना माझाच होता. मी ती खोडली नाही. शाई वाळेपर्यंत कागद उन्हात धरून उभा राहिलो, आणि वाळल्यावर घडी घालून दप्तरात ठेवला.